कोंबडीच्या पंजापासून सुरुवात: गावच्या शाळेत पक्ष्याचं शरीर शिकताना ठेवलेल्या नोंदी

शाळा जिल्हा परिषदेची, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. सहावी-सातवीचा वर्ग एकत्र बसतो. दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. तक्ते लागतात, चित्रं निघतात. यंदा तक्ता लावताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, कोंबडी रातभर दांडीवर बसते, झोपते बी, तं पडत कावून नाही?" तक्त्यावर याचं उत्तर नव्हतं. तिच्या घरच्या कोंबडीच्या पायात मात्र ते होतं. आनंददायी शनिवारचे, म्हणजे उपक्रमांसाठी राखलेले, तास या कामाला द्यायचे ठरवले. दुसऱ्या शाळेत कोणाला हे करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

11 नोव्हेंबर

सुरुवात करण्याआधीची कामं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, पालकांना घरी जाऊन सांगितलं. चार-पाच घरं माळकरी आहेत. तिथल्या मुलांना मांसाला हात लावायचा नाही, आणि लावा असा आग्रहही होणार नाही, हे स्पष्ट बोलून घेतलं. मोजमाप, चित्रं, पिसं, ज्वारीचा प्रयोग या कामांत ती मुलं पुढे राहतील.

पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन परिसरात कोंबड्यांची किंवा कावळ्यांची मर दिसते आहे का, ते विचारलं. नाही म्हणाले. बर्ड फ्लूची नुसती कुणकुण असली तरी हे काम त्या वर्षी करायचं नाही. मेलेला सापडलेला पक्षी तर कधीच वापरायचा नाही, तो कोंबडा असो की चिमणी.

मुलांना आणखी एक नियम सांगितला. शेतातून, झाडाखालून रानपक्ष्याचं पीस, घरटं, अंडं आणायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे बसत नाही. दोघांच्या दप्तरात नीलपंखाची पिसं होती. ती जागेवर ठेवून यायला सांगितली. आपल्याला लागेल ते सगळं अंगणातली कोंबडी देते.

खर्च: हातमोज्यांचा डबा साधारण तीनशे रुपये, भिंग सत्तरचं, साबण, ब्लीचिंग पावडर. मोजे मोठ्या माणसाच्या मापाचे मिळाले, मुलांच्या हातातून निसटतात. मनगटावर रबर बँड लावून भागवलं.

15 नोव्हेंबर

पंजे. चिकनच्या दुकानात पंजे टाकून देतात किंवा कुत्र्यांसाठी नेतात. दुकानवाले भाऊ म्हणाले, "कितीबी न्या मॅडम, पैसे नोका देऊ." पिशवीभर आणले, साबणाच्या पाण्याने धुतले, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून शाळेत नेले.

कापलेल्या टोकाला पांढऱ्या चकचकीत दोऱ्या दिसतात. त्या कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या. मागची ओढली की बोटं मिटतात, पुढची ओढली की उघडतात. इतकं सोपं काम, पण पहिला अर्धा तास काहीच हललं नाही. दुकानात पंजा बरोब्बर सांध्यावर तोडतात, त्यामुळे कंडरा कातडीच्या आत दबून राहतात आणि चिमट्यात येत नाहीत. ओढायला गेलं की घसरतात. शेवटी पायाच्या मागच्या बाजूने ब्लेडने बोटभर चीर दिली (ब्लेड फक्त माझ्या हातात), कंडरा बाहेर काढून पक्कडीत धरली. आणि पंजा मिटला. तीन मुली बाकावरून उठून मागे गेल्या आणि लगेच दुप्पट जवळ आल्या.

मग एकाने पेन्सिल पंजात ठेवली आणि ओढत बसला. पेन्सिल उचलली जाते. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं: पक्षी खाली बसला, घोट्याचा सांधा दुमडला, की मागची कंडरा ताणली जाते आणि बोटं दांडीभोवती आवळतात. अर्धं म्हणते, कारण झोपेत पकड टिकते ती फक्त याच ताणामुळे की आणखी कशामुळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मुलांना तसंच सांगितलं.

आणखी एक गोष्ट इथेच सुटली. मुलं ज्याला कोंबडीचा उलटा गुडघा म्हणत होती, तो तिचा घोटा. गुडघा वर, पिसांत झाकलेला. कोंबडी बोटांवर चालते. हे सांगितल्यावर सगळा वर्ग टाचा उचलून व्हरांड्यात चालून आला.

दुकानवाल्या भाऊंना सांगून ठेवलं आहे: पुढच्या वेळी पंजा सांध्याच्या दोन बोटं वर तोडा. उकडलेला पंजा आणू नका, त्यातल्या कंडरा चिकट होऊन बसतात.

22 नोव्हेंबर

पिसं. गावरान कोंबडीची पिसं आजीबाईंकडून मिळाली. आमच्या शाळेमागे राहतात, वीसेक कोंबड्या पाळतात. पिसं आदल्या दिवशी कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवून उन्हात वाळवली होती.

पंखाच्या पिसाचे तंतू उलट दिशेने ओढून फाडायचे आणि मग बोटांच्या चिमटीतून वर सरकवायचे, की पीस परत एकसंध होतं. हे मुलांनी तासभर केलं असतं. भिंगातून तंतूंना फुटलेले बारीक उपतंतू दिसतात. त्यावरचे हुकासारखे आकडे दिसायला फोल्डस्कोप (कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक) लागला, केंद्रातल्या एका शिक्षकांकडून उसना आणला. आकडा दिसल्यावर ज्या मुलाने कधी वर्गात तोंड उघडलं नव्हतं, तो दुसऱ्याला ढकलून पुन्हा बघायला आला.

पाण्याचा प्रयोग मात्र बसला नाही. थेंब पिसावर गोल राहायला हवा, तो पसरत होता. एका मुलाने पीस हुंगलं आणि पावडरीचा वास येतो म्हणाला. पिसात साबण राहिला होता. तीच पिसं हापशीच्या धारेखाली बराच वेळ खंगाळून वाळवली, दुपारी थेंब टिकला. मग मुलांनी आपणहून तंतू विस्कटून त्यावर थेंब टाकला, तो खाली उतरला. म्हणजे पाणी अडवण्यात पिसांवरच्या तेलाइतकीच, किंबहुना जास्त, तंतूंची जुळणी महत्त्वाची. हे मी शिकवणार होते, त्याआधी त्यांनी करून दाखवलं.

तेलाचा विषय निघाला तेव्हा आजीबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "शेपटीवरची गाठ ना? ते नाही काढली तं रस्स्याले वास मारते." हीच ती तेलाची ग्रंथी. कोंबडी चोच तिथे घासते आणि पिसांवर फिरवते. गावात कोंबडी शिजवणाऱ्या प्रत्येक बाईला ही गाठ ठाऊक आहे, फक्त पुस्तकातल्या चित्राशी तिची सांगड कोणी घालून दिली नव्हती.

29 नोव्हेंबर

हजेरी निम्मी. कापूस वेचणी जोरात आहे, मोठी मुलं वावरात. कार्यक्रम पुढे ढकलायचा विचार केला, पण आणलेला पोटा (कोंबडीचं जाड स्नायूंचं जठर) टिकणारा नव्हता.

ब्रॉयलरचा पोटा कापला तर आत नुसतं खाद्याचं पीठ. आजीबाईंच्या घरी रविवारी कापलेल्या कोंबड्याचा पोटा त्यांनी राखून ठेवला होता. त्यात मुरमाचे खडे, ज्वारी, एक काचेचा तुकडा आणि बांगडीचा मणी निघाला. आतली पिवळी जाड साल सोलून निघते. ती किती चिवट आहे हे प्रत्येकाने नखाने पाहिलं. दात नसलेला पक्षी दाणा कुठे दळतो, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

माळकरी घरातल्या मुलांनी ज्वारीचा प्रयोग केला. प्लास्टिकच्या बाटलीत ज्वारी आणि खडे घालून हलवायचं, शेजारच्या बाटलीत नुसती ज्वारी. हात दुखेपर्यंत हलवलं. एकही दाणा फुटला नाही, फक्त बाटलीला ओरखडे. बाटली हलवल्याने दाणा आपटतो, दळला जात नाही. पोटा तर स्नायूंचा, तो दाबतो आणि रगडतो. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घेतला, रात्रभर भिजवलेली ज्वारी आणि खडे भरले, दोन्ही टोकं सुतळीने बांधली आणि हाताने मळत राहायला सांगितलं. दहा-बारा मिनिटांत दाणे चेचले गेले. बिनखड्यांच्या ट्यूबमधली ज्वारी बरीचशी अख्खीच. भिजवणं गरजेचं आहे: कोंबडीतही दाणा आधी गळ्याच्या पिशवीत ओला होतो. पंक्चर दुकानातून ट्यूब फुकट मिळाली. या प्रयोगाला पैसा लागत नाही आणि कोणाच्याही घरच्या आहाराची अडचण येत नाही, म्हणून ज्यांना एकच गोष्ट करायची आहे त्यांनी ही करावी.

13 डिसेंबर

या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटलेला दिवस.

प्रश्न असा होता: पंख खाली मारायला छातीचे स्नायू खाली ओढतात, हे पटतं. मग वर कोण उचलतं? मुलांनी एकमुखाने पाठीला हात लावला. पाठीतले स्नायू. मीही शाळेत असताना हेच उत्तर दिलं असतं.

अख्खी ब्रॉयलर कोंबडी आणली, कातडी काढलेली, तुकडे न केलेली. सव्वा किलोला तीनशेच्या घरात खर्च आला. छातीच्या हाडाला मधोमध उभी पाती असते. तिच्या दोन्ही बाजूंना जाड मांस. त्याखाली लांबट, वेगळा सुटणारा दुसरा स्नायू. वरचा जाड स्नायू पातीपासून हळूहळू मोकळा करून बाजूला केला. खालचा उघडा पडल्यावर त्याचं पातीकडचं टोक सोडवलं आणि एका मुलीच्या हातात दिलं. ओढ म्हटलं.

काहीच झालं नाही. कोंबडी सकाळची होती, सांधे ताठरले होते. खांदा दोन्ही हातांनी वर-खाली करून मोकळा केला, पुन्हा ओढायला सांगितलं. पंख वर आला.

छातीतला स्नायू ओढला आणि पंख वर गेला, खाली नाही. वर्ग एकदम शांत आणि मग एकदम गोंगाट. त्या स्नायूची कंडरा खांद्याच्या हाडांमधल्या भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडाला वरून जोडलेली असते. विहिरीच्या कप्पीवरून दोर गेला की खाली ओढून बादली वर येते, तसं. कप्पी आमच्या गावात अजून चार विहिरींवर आहे, त्यामुळे पुढे समजावत बसावं लागलं नाही. उडण्यासाठी लागणारं बहुतेक वजन पोटाकडे खाली का असतं, हेही एका मुलाने त्यावरूनच काढलं: "वरती वजन असतं तं उलटी झाली असती."

सूचना: कोंबडी कापून घेऊन दोन तासांच्या आत हे करा, नाहीतर खांदा मोकळा करण्यात वेळ जातो. दुकानात "छाती फोडू नका" असं दोनदा सांगा. सवयीने पहिला घाव तिथेच पडतो. आमची आधीची एक कोंबडी तशीच वाया गेली. हाताळलेलं मांस खाण्यासाठी परत द्यायचं नाही. शाळेच्या आवारात पुरलं, रात्री कुत्र्यांनी उकरलं. आता खड्डा कमरेइतका, वर चुना आणि दगड.

18 डिसेंबर

पंख पसरून वाळवायचा प्रयत्न फसला. थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून, मीठ लावून व्हरांड्यात ठेवला होता. आतलं मांस तसंच होतं, वास सुटला, मुंग्या लागल्या. फेकला. दुसऱ्या पंखाचा कोपरापर्यंतचा मांसल भाग कापून टाकला, खालच्या बाजूने चीर देऊन जमेल तेवढं मांस खरवडलं, टाकणखार चोळला आणि सावलीत टांगला. तो टिकला आहे. टाकणखार किराणा दुकानात मिळाला, पाव किलो पुरे.

20 डिसेंबर

"पक्ष्यांची हाडं पोकळ असतात." फळ्यावर वाक्य लिहून होत नाही तोच सहावीतला एक जण म्हणाला, "मॅडम, नळीत तं मगज असते. आम्ही चोखतो ना." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तो बरोबर आहे. कोंबडीच्या मांडीच्या आणि तंगडीच्या हाडात मज्जा असते. हवा असते ती मुख्यतः दंडाच्या हाडात, मणक्यांत आणि आणखी काही हाडांत. पुस्तकातलं वाक्य सगळ्या हाडांना लागू नाही. दंडाचं हाड लोखंड कापायच्या आरीने कापलं. तेही लाल निघालं! ब्रॉयलर म्हणजे साधारण सहा आठवड्यांचं पिल्लू असतं, आणि हाडांत हवा शिरण्याचं काम पक्षी वाढताना चालतं. या कामाला वय झालेली कोंबडी हवी. आजीबाईंकडे अंडी बंद झालेली एक आहे. सहाशे रुपये ठरले. महाग आहे, पण तिचा सांगाडाही करता येईल.

27 डिसेंबर

कोंबडी दुकानात कापून घेतली. कापणं मुलांसमोर केलं नाही. पिसं काढलेली, पण पोट न फाडलेली अशी शाळेत आणली.

आधी दंडाचं हाड मधोमध कापलं. आत स्वच्छ पोकळी, भिंतींना जोडणारे बारीक आडवे धागे हाडाचेच. ज्याने मगजाचा मुद्दा काढला होता त्याच्याच हातात भिंग दिलं.

मग श्वासनळीत नळी घालून दोऱ्याने बांधली आणि कापलेल्या हाडाचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवलं. सायकलचा पंप लावला. पोट टम्म फुगलं, पण हवा बांधलेल्या जागेतून निसटली, हाडातून काही नाही. पंपाचा दाब फार आहे, आतल्या हवेच्या पिशव्या पातळ पापुद्र्याच्या असतात, त्या फाटतील. पंप बाजूला ठेवला. औषधाच्या दुकानातून नवी सलाईनची नळी आणि मोठी 50 मिलीची सिरिंज आणवली. गाठ दुहेरी मारली. हाडाचं टोक रक्ताने बुजलं होतं, ते पाण्याने आणि बारीक तारेने मोकळं केलं. सिरिंज सावकाश दाबली.

पाण्यात बुडबुडे आले. गळ्यातून दिलेली हवा दंडाच्या हाडातून बाहेर! बहुतेक पक्ष्यांत अशा नऊ पिशव्या असतात, फुप्फुसांना जोडलेल्या, काही थेट हाडांत शिरणाऱ्या. जॉन हंटर या स्कॉटिश शल्यवैद्याने 1774 मध्ये पक्ष्यांतल्या या हवेच्या जागांवर लिहिलं होतं. ते वर्ष फळ्यावर लिहिलं तेव्हा एकीने वजाबाकी करून अडीचशे वर्षं झाली म्हणून सांगितलं.

नळीत तोंडाने फुंकायचं नाही. कोणी कितीही म्हटलं तरी नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. काम संपल्यावर टेबल ब्लीचिंगच्या पाण्याने पुसलं, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत साबणाने.

3 ते 17 जानेवारी

सांगाडा. याला सगळ्यात जास्त वेळ गेला.

डिसेंबरातली ब्रॉयलर कुकरमध्ये उकळून पाहिली होती. हाडांची टोकं कूर्चेची, ती सुटून गेली. उरलेली हाडं ठिसूळ. कुकर नको आणि ब्रॉयलरही नको.

गावरान कोंबडीचं मांस आधी सुरीने काढलं. प्रत्येक पाय, प्रत्येक पंख, मान, धड वेगवेगळ्या मलमलच्या पिशवीत, पिशवीला चिठ्ठी. असं केलं नाही तर मणके आणि बोटांची हाडं एकमेकांत मिसळतात आणि मग कोणतं कुठलं ते कळत नाही. चुलीवर तुराट्यांचा जाळ धरतो-सोडतो, त्यामुळे पाणी खळखळ उकळत होतं. निखाऱ्यांवर ठेवल्यावर जमलं. पाणी गरम असावं, उकळू नये. नंतर डाग काढणाऱ्या पावडरीच्या कोमट पाण्यात ठेवलं. थंडीने पाणी रात्रीतून गार होई आणि काम मंद पडे. बादली दिवसा उन्हात, रात्री चुलीजवळ.

चरबी भांड्यांच्या साबणाने निघाली. पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीचिंग पावडर अजिबात नको, हाड खडूचं होऊन झडतं.

जोडायला तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातून मिळाली. जळालेल्या पंपांची तांब्याची तार, मऊ आणि बारीक. या हंगामात मोटारी जळतातच, दुकानदाराने वाटीभर दिली. मानेचे मणके मुलांनी मोजून ओवले, चौदा. मग आपल्या मानेवर हात फिरवून विचारलं, आपले किती? सात. जिराफालाही सातच, हे त्यांना खरं वाटेना.

24 जानेवारी

सांगाडा उभा राहिला. शेपटीकडचा भाग अजून सैल आहे. खांद्याची दोन हाडं डावी-उजवी बदलून चिकटली होती. 13 डिसेंबरला जिने स्नायू ओढला होता तिच्याच लक्षात आलं, कारण कंडरा जायला भोकच उरत नव्हतं. गोंद ॲसिटोनने सोडवून पुन्हा बसवायचा आहे.

आतापर्यंतचा सगळा खर्च दोन हजारांच्या आसपास. त्यात वाया गेलेली कोंबडी आणि मोजे धरून. सांगाडा पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यावर ठेवतो आहोत, नाहीतर उंदीर.

कापूस वेचणीमुळे ज्यांचे शनिवार हुकले ती मुलं आता परत येऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी फेब्रुवारीत पंजे आणि पोटा पुन्हा. शिकवणार सातवीतल्या मुली, मी फक्त ब्लेड धरणार. भाऊंना निरोप गेला आहे: पंजे शुक्रवारी संध्याकाळी, दोन बोटं वरून तोडलेले.